मामांच्या गिटारीला पडलेलं भोक

प्रश्न : माझे मोठे मामा गेल्या वर्षी वारले. त्यांची गिटार आता आमच्याकडे आहे. गोव्यातल्या एका कारागिराने हाताने बनवून दिली, असं मामा सांगायचे. चाळीसेक वर्षं ती लग्नांत, चर्चच्या कॉयरमध्ये आणि संध्याकाळी ओटीवर वाजली. आता मोठ्या भोकाच्या खाली लाकूड घासून रुपयाएवढं दुसरं भोक पडलंय. तारा इतक्या वर आल्यात की दाबताना बोटं दुखतात. शिवाय गिटार हलवली की आत काहीतरी खुळखुळतं. भाऊ म्हणतो, काचेच्या कपाटात ठेवू. मुलगी म्हणते, मी वाजवणार. शेजारचे सुतार म्हणतात, आणा इकडे, तासाभरात चिकटवून देतो. जुनी गिटार जास्त गोड वाजते हे खरं का? आणि वाजवणारा गेल्यावर अशा गिटारीचं पुढे होतं तरी काय?
— एक वाचक, वसई

उत्तर : तुमच्या पत्रात सगळ्यांत घाईचा विषय शेजारच्या सुतारांचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. त्यांना चहा द्या, बसवून घ्या, पण गिटार देऊ नका. माणूस भला असेल, हातही चांगला असेल. अडचण त्यांच्या ग्लूच्या डब्यात आहे. कपाट, पलंग, दार एकदा जोडलं की जन्मात सुटू नये अशी आपली अपेक्षा असते आणि आजचा पांढरा ग्लू ती पुरी करतो. गिटार बनवणारा नेमकं उलटं मागतो. त्याला असा सांधा हवा असतो, जो पन्नास वर्षं घट्ट धरून राहील आणि एक्कावन्नाव्या वर्षी कुणी नीट विनवलं तर सुटेल.

विनवणी ऐकणारी ती वस्तू म्हणजे सरस. जनावराचं कातडं आणि हाडं उकळून केलेला हा चिकट पदार्थ आजोबांच्या पिढीतल्या प्रत्येक सुताराकडे असे. वड्या रात्री पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी एका डब्यात पाणी तापवून त्यात दुसरा डबा ठेवायचा आणि मंद आचेवर सरस पातळ करायचा. वासाबद्दल न बोललेलं बरं. पण हा सरस वाळताना आकसतो आणि दोन्ही लाकडं एकमेकांकडे ओढून घेतो. वाळला की काचेसारखा कडक होतो, आणि पुन्हा ऊब आणि ओल मिळाली की मऊ पडतो. शे-दीडशे वर्षांपूर्वीची वाद्यं आज उघडता येतात, ती या एका गुणामुळे. ‘सरस’ या शब्दाचा वरचढ असाही अर्थ आहे. योगायोगच, पण वाद्यांच्या बाबतीत खरा ठरलेला. हल्लीचे बरेच गिटारकार पिवळा ग्लू वापरतात, तोही उष्णतेने सुटतो. पांढऱ्या ग्लूचा किंवा इपॉक्सीचा थर एकदा लाकडात मुरला, की पुढच्या दुरुस्तीला आधी तो खरवडावा लागतो आणि त्याच्याबरोबर मूळ लाकूडही जातं.

माझ्याकडच्या एका जुन्या गिटारीचा ब्रिज, म्हणजे तारा अडकवायचा लाकडी ठोकळा, मी असाच उतावीळपणे घरच्या घरी इपॉक्सीने बसवला होता. वर्षभराने तो पुन्हा उचलला गेला, तेव्हा वरच्या फळीचा एक टवका बरोबर घेऊनच आला. तेव्हापासून मी हातात ग्लू धरत नाही.

आता भोकाकडे वळू. हे ऐकून नवल वाटेल, पण तुमच्या यादीतला सगळ्यांत निरुपद्रवी आजार तोच आहे. तारा वर आल्यात हे जास्त गंभीर. का, ते सांगतो. सतारीचे शब्द वापरले तर सोपं जाईल, कारण आपल्याकडे त्या कामाचे नेमके शब्द आधीपासून आहेत. गिटारीची वरची पातळ फळी ती तबली, लांब मान ती दांडी, दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या ते पडदे आणि तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. गिटारीत ही घोडी ब्रिज नावाच्या लाकडी ठोकळ्यात बसवलेली असते आणि ब्रिज तबलीला चिकटवलेला असतो. तबली बहुधा स्प्रूस नावाच्या थंड प्रदेशातल्या झाडाची आणि अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून बघा, म्हणजे अंदाज येईल. पोलादी तारा लावलेल्या सहा तारांच्या गिटारीत त्या तारांचा एकूण ताण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या घरात जातो. नायलॉनच्या तारा असतील तर साधारण चाळीस किलो. म्हणजे एक धडधाकट माणूस तुमच्या मामांच्या ब्रिजला रात्रंदिवस, चाळीस वर्षं लोंबकळतो आहे. मामा झोपले तरी तो लोंबकळतच होता.

तबलीच्या खाली, कौलारू घराला वासे असतात तशा, लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या जाड केल्या तर गिटार कधी वाकणार नाही, पण आवाजही येणार नाही. पातळ केल्या तर आवाज मोकळा येतो आणि गिटार हळूहळू स्वतःलाच दुमडू लागते. चांगली हातची गिटार या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या बांधावर उभी असते. कारागीर पट्टी तासतो, तबली कानाशी धरून बोटाने टकटक करतो, पुन्हा तासतो. मोडायच्या किती जवळ जायचं, हे तो ठरवत असतो. म्हणून चाळीस वर्षांनी तबली ब्रिजच्या मागे थोडी फुगली, दांडी किंचित पुढे झुकली आणि तारा वर आल्या, तर तो गिटारीचा दोष समजू नका. वाजेल अशी बनवली होती, त्याची ती किंमत आहे.

यावर उपाय आहे. दांडी जर खाचेत बसवून सरसाने जोडलेली असेल, तर सांध्यावरचा एक पडदा काढतात, त्याच्या खाचेतून बारीक भोक पाडतात आणि आत वाफ सोडतात. थोड्या वेळाने सांधा सैल पडतो. दांडी सुटते, तिच्या टाचेचं लाकूड कागदासारखं पातळ, केसभर तासतात आणि कोन सुधारून ती पुन्हा बसवतात. दांडी आणि खोकं स्पॅनिश पद्धतीने एकजीव केलेलं असेल तर मात्र ही वाट बंद. मग घोडी उतरवून किंवा बोटफळी, म्हणजे पडदे बसवलेली दांडीवरची फळी, रंधून काम भागवावं लागतं. तुमची कोणत्या पद्धतीची आहे, हे कारागीर आत आरसा धरून क्षणात सांगेल.

आता भोकांच्या जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध भोक. अमेरिकेतले गायक विली नेल्सन यांच्या गिटारीला तुमच्या मामांच्या गिटारीसारखंच, पण बरंच मोठं, दुसरं भोक आहे. गिटारीचं नाव ट्रिगर. रॉय रॉजर्स या पडद्यावरच्या काउबॉयच्या घोड्यावरून ठेवलेलं. ही मार्टिन कंपनीची एन-२० आहे, नायलॉनच्या तारांची. नेल्सन यांनी ती १९६९ साली न बघताच, साडेसातशे डॉलरला घेतली. घ्यावी लागली, कारण टेक्ससमधल्या हेलोटीस गावी एका कार्यक्रमात कुणीतरी झिंगलेला माणूस त्यांच्या आधीच्या गिटारीवर पाय देऊन गेला. नॅशव्हिलच्या शॉट जॅक्सन नावाच्या दुरुस्तीवाल्याने ती बघितली आणि हात टेकले. मग त्याच मोडक्या गिटारीतला, तारांचा आवाज टिपणारा पिकअप काढून त्याने मार्टिनमध्ये बसवला. म्हणजे ट्रिगर जन्मली तेव्हाच तिच्या पोटात एका मेलेल्या गिटारीचा अवयव होता.

भोक पडलं त्याचं कारण साधं आहे. नायलॉनच्या तारांची गिटार नखांनी, बोटांनी वाजवायची म्हणून घडवलेली असते, त्यामुळे तिच्या तबलीवर संरक्षक पट्टी नसते. नेल्सन तिच्यावर पिकने, म्हणजे तारा छेडायच्या चपट्या तुकड्याने वाजवतात. पिक तारेवरून सुटते, लाकडाला लागते, पुन्हा लागते. आपल्या पाट्याला मध्ये खळगा पडायचा तसाच हा प्रकार. वरवंटा एकाच बाईच्या हाताने एकाच लयीत फिरत राहिला की दगडही त्या हाताचा आकार घेतो. इथे तर मऊ स्प्रूस आहे.

मार्क अर्लवाइन नावाचे ऑस्टिनचे कारागीर १९७७ पासून ट्रिगरची देखभाल करत आले आहेत. त्यांनी भोक बुजवलेलं नाही. आतल्या पट्ट्यांना आधार दिला, तबलीला लॅकर देऊन भोकाच्या कडा पुढे फाटणार नाहीत असं बघितलं आणि बाकी गिटारीला गिटारीच्या मनाप्रमाणे म्हातारी होऊ दिली. दुरुस्तीतली सगळ्यांत अवघड गोष्ट कुठे थांबायचं ही आहे, आणि मला वाटतं अर्लवाइन यांनी ती साधली. तबलीवर शंभराहून जास्त लोकांच्या सह्या आहेत, पहिली गायक लिऑन रसेल यांची. नेल्सन यांच्या घराला आग लागली तेव्हा ते जळत्या घरात शिरले आणि ट्रिगर बाहेर घेऊन आले. बरोबर गांजाची थैलीही आणली, हे प्रामाणिकपणे सांगून टाकलेलं बरं. पुढे १९९० साली करथकबाकीसाठी सरकारने त्यांची मालमत्ता जप्त केली, तेव्हा अधिकारी पोचण्याआधी त्यांच्या मुलीने ट्रिगर स्टुडिओतून हलवली आणि हवाईला पोचवली. लिलावात सगळं गेलं तरी चालेल, गिटार जाऊ नये, असा हिशेब.

ट्रिगरचा मालक हयात आहे, तुमच्या मामांचं तसं नाही. म्हणून हा दाखला अर्धाच लागू पडतो. मालक गेल्यावरच्या गोष्टींकडे जाण्याआधी तुमचा मधला प्रश्न संपवतो: जुनी गिटार गोड वाजते का?

लाकडाबद्दल बोलायचं तर, हो, काही बदल होतात. लाकडातल्या काही घटकांचं काळानुसार विघटन होतं, ते हवेतली ओल पूर्वीइतकी धरत नाही, वजन किंचित घटतं पण ताठपणा बराचसा टिकतो. अशी फळी कंपन लवकर मरू देत नाही. पण ‘वाजवून वाजवून आवाज उघडतो’ या दुसऱ्या दाव्याबद्दल मी जरा हात राखून आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीला या शंकेची एक छान परीक्षा झाली. एका कारागिराने शक्य तितकी सारखी, एकाच वेळी दोन व्हायोलिनं बनवली. एक पॉवरहाऊस म्युझियममध्ये ठेवलं आणि दुसरं एका व्यावसायिक वादकाला रोज वाजवायला दिलं. तीन वर्षांनी वादक आणि श्रोते बसवून दोन्ही ऐकवली. फारसा फरक कुणालाच दाखवता आला नाही. व्हायोलिन म्हणजे गिटार नव्हे आणि तीन वर्षं म्हणजे चाळीस नव्हेत, हे मान्य. तरी कुणी दुकानदार ‘उघडलेल्या आवाजा’चे जास्त पैसे मागू लागला तर ही दोन व्हायोलिनं आठवा.

माझा आपला अंदाज असा, की उघडतो तो वाजवणाऱ्याचा हात. कुठल्या पडद्यावर ही गिटार थोडी रुसते, कुठे जोर लावला तर आवाज फाटतो, हे मामांना ठाऊक होतं. मामांबरोबर गेलं ते एवढंच.

पण जाताना ते बरंच काही लिहूनही गेले आहेत. गिटार खिडकीशी तिरकी धरा आणि पडद्यांकडे बघा. दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यावर, बारीक तारांच्या खाली, इवले इवले खळगे दिसतील. डी कॉर्ड तिथे बसते. दांडीच्या मागे एक जागा अशी सापडेल की पॉलिश उडून लाकूड तुकतुकीत झालंय, जात्याच्या खुंट्यासारखं. ती अंगठ्याची जागा. वरच्या बाजूला, जिथे उजव्या हाताचं कोपर टेकायचं, तिथे घामाने रंग गेलेला असेल. मामा कोणत्या सुरात गात होते, बसून वाजवायचे की उभे राहून, हे यावरून बरंच कळतं. पडदे घासले असतील तर बदलता येतात, ते महाग काम नाही. पूर्वी दारावर ‘टाकी’ असं ओरडत पाट्यांना टाके घालणारे यायचे, तसंच हे. तंबोऱ्याची जवारी काढणं हे त्यातलंच काम. तारा घोडीला घासून जागा करतात आणि मग ती जागा पुन्हा घासून सुरेल करावी लागते. मिरजेत हे काम करणारे हात अजून आहेत. १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी तिथे या धंद्याची घडी बसवली. घराणं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार आणि पॉलिश करणाऱ्यांचं. तलवारींचे दिवस सरले, तशी हातातली नजर वाद्यांकडे वळली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गिटार हे त्यांचं वाद्य नव्हे, पण घासलेली वस्तू टाकायची नसते, पुन्हा जागेवर आणायची असते, ही रीत तीच.

आता वाजवणारा गेल्यावर काय होतं. पॅरिसच्या संगीतवाद्यांच्या संग्रहालयात ग्रोबेर नावाच्या कारागिराची, १८३० च्या सुमाराची एक गिटार आहे. निकोलो पागानिनी व्हायोलिनचा बादशहा, पण गिटारही तो आवडीने वाजवायचा. पॅरिसमध्ये असताना वाद्यांचे व्यापारी आणि कारागीर व्हियोम यांनी ही गिटार त्याला वापरायला दिली. परत करताना त्याने तबलीवर सही केली. पुढे व्हियोम यांनी ती संगीतकार बर्लियोझ यांना दिली आणि त्यांनीही सही ठोकली. बर्लियोझ यांनी १८६६ साली ती कॉन्झर्वेटरीच्या संग्रहालयाला देऊन टाकली. ट्रिगरवरच्या सह्यांची आजी म्हणायला हरकत नाही. या गिटारीचं नशीब म्हणजे शाईच्या दोन रेघा. त्या नसत्या तर ग्रोबेरच्या इतर कितीतरी गिटारींसारखी तीही एखाद्या माळ्यावर भेगाळून गेली असती.

दुसरी गोष्ट आन्द्रेस सेगोव्हिया यांची. १९१२ साली हा विशीच्या उंबरठ्यावरचा स्पॅनिश पोरगा माद्रिदमध्ये मान्युएल रामिरेझ यांच्या दुकानात गेला आणि कार्यक्रमासाठी गिटार भाड्याने मागू लागला. त्याचं वाजवणं ऐकून रामिरेझ यांनी ती त्याला फुकट देऊन टाकली. आतल्या चिठ्ठीवर नाव रामिरेझ यांचं, घडवली मात्र दुकानातल्या सांतोस एर्नांदेझ या कारागिराने. सही मालकाची आणि घाम दुसऱ्याचा, हे सगळीकडे सारखंच. १९२४ च्या सुमारास म्युनिकच्या हेर्मान हाउझर यांनी ती बघितली आणि तशी घडवायचा ध्यास घेतला. करता करता डझनभर वर्षं गेली. १९३७ ची हाउझर सेगोव्हियांना पसंत पडली आणि १९६२ पर्यंत, पंचवीस वर्षं, जगभर त्यांच्या मांडीवर राहिली. आज या दोन्ही गिटारी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत, १९८६ साली दिलेल्या. दोघीही गप्प.

तुमच्या भावाचं म्हणणं म्हणजे हे. चूक नाही. काचेच्या आत तापमान आणि ओल सांभाळलेली असते, तारा ढिल्या असतात, कुणी पाय देत नाही. बाहेरच्या जगाचा भरवसा किती, ते २०१५ च्या ‘द हेटफुल एट’ या चित्रपटाच्या सेटवर दिसलं. मार्टिन कंपनीच्या संग्रहालयाने १८७० च्या दशकातली एक गिटार चित्रीकरणासाठी उसनी दिली होती. आपटायच्या प्रसंगात तिच्या जागी नक्कल ठेवायची ठरली होती. नट कर्ट रसेल यांना हे कुणी सांगितलंच नाही. त्यांनी हातात होती ती आपटली. समोरची नटी जेनिफर जेसन ली दचकून ओरडते, ते तिला खरं काय घडलं ते कळल्यामुळे. त्यानंतर कंपनीने चित्रपटांना गिटारी उसन्या देणं बंद केलं.

तरी मी भावाच्या बाजूने नाही. संग्रहालयातली काच आणि वसईतलं काचेचं कपाट यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत तुमच्याकडे हवा नव्वदच्या पुढे जाते. त्या ओलीत लाकूड फुगतं, तबली वर येते, सरस सुस्तावतो. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं आणि भेग पडायची ती तेव्हा पडते. हे कपाटातही होणारच, फक्त तिथे कुणाचं लक्ष नसणार. रोज हातात घेतली जाणारी गिटार बिघडली की चार दिवसांत कळते. कपाटातली बिघडली की पाहुणे आल्यावर.

एक गोष्ट कोरडेपणाने सांगतो: मामांच्या गिटारीला बाजारात भाव नाही. भाव लाकडाला किंवा कारागिरीला मिळतोच असं नाही, तो बसलेल्या हाताला मिळतो. रॉकगायक कर्ट कोबेनने १९९३ च्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमात वाजवलेली १९५९ ची मार्टिन जून २०२० मध्ये ६० लाख १० हजार डॉलरला गेली. त्याच साच्याची, त्याच वर्षाची, दुसऱ्या कुणा सज्जनाने वाजवलेली गिटार त्याच्या जवळपासही जात नाही. तुमच्याकडच्या गिटारीवर सगळ्यांत मोठी बोली तुमच्या मुलीचीच असणार.

लाकडाबद्दल थोडं. गिटारीची पाठ आणि कडा काळपट जांभळट, उदबत्तीसारख्या रेघांच्या असतील तर ते बहुधा शिसव. पूर्वी जगातल्या उत्तम गिटारी ब्राझीलच्या रोझवूडच्या असत. साठच्या दशकाच्या शेवटी ब्राझीलने न कापलेले ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं, आणि मार्टिनसारख्या कंपन्या १९६९ च्या अखेरीपासून आपल्या पश्चिम घाटातल्या शिसवीकडे वळल्या. म्हणजे आजीचं शिसवी कपाट आणि नॅशव्हिलच्या गिटारी नात्याने चुलत. १९९२ पासून ब्राझीलचं रोझवूड आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत आहे, त्यामुळे त्याची जुनी गिटार परदेशी विकायची तर कागदपत्रं लागतात. शिसवही २०१७ साली एका सौम्य यादीत आली, पण तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सवलत मिळाली. मुलीने उद्या परदेशी शिकायला जाताना ती बरोबर नेली तर शिसवीपायी कुणी अडवणार नाही.

तर मुलीला वाजवू द्या. पण लगेच नाही. सगळ्या तारा आज थोड्या थोड्या ढिल्या करा, एकदम एक तार काढून टाकू नका. कपाटावर, देवघराशेजारी, खिडकीत, गाडीच्या डिकीत ठेवू नका. पावसाळ्यात पेटीत बंद आणि पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या, दर पंधरा दिवसांनी बदलून. गिटार दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी विचारा, ‘दांडी कशी सोडवता?’ वाफेचं किंवा उष्णतेचं उत्तर आलं तर बसा. ‘सोडवायला कशाला लागते, वरून भरून देतो’ असं आलं तर नमस्कार करून उठा. भोक बुजवू नका म्हणा, फक्त त्याच्या कडा पुढे चिरणार नाहीत एवढं बघा. तारा लावताना नायलॉनच्या गिटारीवर पोलादी तारा चुकूनही नकोत. तो लोंबकळणारा माणूस जवळपास दुप्पट जड होतो, आणि म्हाताऱ्या तबलीला ते झेपत नाही.

राहता राहिलं आतलं खुळखुळणं. पलंगावर पांढरी चादर पसरा, गिटार उलटी धरा, मोठं भोक चादरीकडे, आणि हलकेच गोल फिरवत हलवा. धुळीचा एक करडा गोळा पडेल, तो सगळ्याच जुन्या गिटारींत असतो. त्याच्याबरोबर एखादी पिक पडली तर ती मामांच्या हातून कधीतरी आत घसरलेली, केसच्या खणात ठेवून द्या, मुलीला वापरू द्या. पण चपटी, बोटाएवढी लाकडी पट्टी पडली, एका बाजूला पिवळसर काचेसारखा थर असलेली, तर तो आतला वासा सुटलाय. कचरा समजून टाकू नका. कागदाच्या पाकिटात घालून गिटारीबरोबरच न्या. नवी करण्यापेक्षा कारागीर तीच जागेवर बसवेल.